माजिवड्याखालचे अस्सल कागद

माजिवडा नाक्याशी पूर्व द्रुतगती मार्ग संपतो, घोडबंदर रस्ता सुरू होतो आणि जुना आग्रा रस्ता कापूरबावडीवरून भिवंडीकडे निघतो. इथून रोज जाणाऱ्या माणसाची नजर वर असते. उड्डाणपूल, मेट्रोचे खांब, नवे टॉवर. माझी नजर नोकरीमुळे खाली राहिली. पत्र्याच्या कुंपणाआड तीन पायांचा लोखंडी सांगाडा दिसला, डिझेल इंजिनाची धडधड ऐकू आली, की पाय आपोआप थांबतात. तिथे जमिनीला भोक पाडून खालचा दगड वर काढायचं काम चाललेलं असतं. त्या दगडाला आम्ही कोअर म्हणतो.

कोअर म्हणजे दगडाचा गोल, लांबट तुकडा. पोकळ नळीच्या टोकाला हिऱ्याचे कण बसवलेलं बिट असतं. पाणी सोडत ती नळी फिरवली की खडक कडेने कापला जातो आणि मधला गाभा नळीत शिरतो. शहरातल्या कामांवर तो साधारण मनगटाएवढा जाड असतो, पाच ते सहा सेंटिमीटर व्यासाचा. नळी वर आली की ड्रिलर ती आडवी धरून हलके ठोकतो आणि तुकडे क्रमाने कोअर बॉक्समध्ये मांडतो. बॉक्स लाकडाचा किंवा पत्र्याचा, आत पाच खाने. दर रनच्या, म्हणजे नळीच्या एका फेरीच्या, शेवटी लाकडाची चकती, तिच्यावर मार्करने खोली लिहिलेली: ९.०० मीटर, १०.५० मीटर, १२.०० मीटर.

कोरडा कोअर राखाडी दिसतो, एका तुकड्यासारखाच दुसरा. म्हणून जाणता ड्रिलर साहेब आले की आधी त्यावर मगभर पाणी ओततो. पाणी पडताच दगड बोलू लागतो. गर्द काळा, एकसंध बेसॉल्ट. त्याखाली पांढऱ्या आणि हिरवट ठिपक्यांचा थर, म्हणजे लाव्हारसातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पुढे खनिजं भरलेला कुहरी बेसॉल्ट. मध्येच वीतभर तांबडी माती. एक लाव्हाप्रवाह थंड झाल्यावर त्याच्या माथ्यावर ऊनपावसाने जी माती तयार झाली, तिच्यावर पुढचा प्रवाह पसरला आणि ती भाजून निघाली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा एक विसावा त्या वीतभर मातीत बंद आहे. बांधकामाच्या दृष्टीने तोच थर घातक, कारण पाणी लागलं की तो मऊ पडतो आणि वरचा दगड त्यावर सरकू शकतो.

हा कोअर पुढे कुठे जातो? बोअर पूर्ण होतो, भूवैज्ञानिक बॉक्ससमोर बसून लॉग, म्हणजे थरांची खोलीवार नोंद, लिहितो, फोटो काढले जातात, काही तुकडे प्रयोगशाळेत दाबून फोडले जातात, अहवाल तयार होतो, बिल निघतं. बॉक्स साइटवरच्या शेडमध्ये थप्पी लावून ठेवतात. माझ्या नोकरीच्या काळात अशा एका शेडमध्ये मी दोन पावसाळ्यांनंतर गेलो होतो. लाकडाला वाळवी लागली होती, तळ सुटला होता, पाच बॉक्सचे तुकडे एका ढिगात मिसळले होते. चकत्यांवरचे आकडे पुसले गेले होते. दगड सगळे जागेवर होते, पण कुठला तुकडा किती खोलीवरचा हे जगात कोणालाही सांगता आलं नसतं. पुढे तो ढीग कच्च्या रस्त्याच्या भरावात गेला. कोणी वाईट हेतूने काही केलं नव्हतं. काम संपलं होतं आणि ठेवायला जागा नव्हती, एवढंच.

माझं म्हणणं असं आहे की या ‘एवढंच’मध्ये मोठं सार्वजनिक नुकसान आहे. सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक कामासाठी काढलेला कोअर हा शहराचा दस्तऐवज आहे. तो ठेकेदाराचा नाही, त्या वर्षीच्या प्रकल्पाचाही नाही. तो किती काळ, कुठे आणि कोणी सांभाळायचा याचे नियम ठाणे-कल्याण पट्ट्याला आत्ताच हवेत, कारण या पट्ट्याच्या जमिनीला एवढी भोकं यापूर्वी कधी पडली नव्हती.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: लॉग आहे, फोटो आहेत, मग दगड कशाला? या प्रश्नाचं उत्तर मराठी माणसाला इतिहासाचार्य राजवाड्यांनी शंभर वर्षांपूर्वी दिलं आहे, दुसऱ्या संदर्भात. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून जुनी दप्तरं गोळा करत होते, कारण बखरींवर इतिहास उभा करायला ते तयार नव्हते. बखर कोणीतरी, केव्हातरी, आपल्या समजुतीने लिहिलेली. अस्सल पत्र त्या दिवसाचं, त्या माणसाच्या हातचं. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं ते या आग्रहातून. बोअर लॉग ही बखर आहे आणि कोअर हा अस्सल कागद.

लॉगला बखर म्हणण्यात लॉग लिहिणाऱ्याचा अपमान नाही. मी स्वतः शेकडो लॉग लिहिले आहेत. पण लॉग म्हणजे एका माणसाने एका दिवशी घेतलेला निर्णय असतो. समजा, दीड मीटरच्या रनमध्ये १.२ मीटर कोअर हाती आला, तर रिकव्हरी ८० टक्के. त्यातले दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकडे जोडून ०.९ मीटर भरले, तर आरक्यूडी, म्हणजे खडकाच्या दर्जाचा निर्देशांक, ६० टक्के. डॉन डिअर या अमेरिकी अभियंत्याने १९६०च्या दशकात आणलेला हा आकडा आज जगभर बोगद्यांचा आधार ठरवताना वापरतात. आता एखादा तुकडा खडकातल्या नैसर्गिक भेगेवर तुटला की नळीतून काढताना ठोकल्यामुळे, हे कोण ठरवणार? नैसर्गिक भेग मानली तर आरक्यूडी घसरतो, हाताळताना तुटला मानलं तर वाढतो. दोन जाणकार एकाच बॉक्ससमोर बसून वेगळे आकडे लिहू शकतात, आणि त्या आकड्यांवर पुढे बोगद्याला किती पोलादी आधार लागेल, खोदकामाला कोणता दर लागेल, हे ठरतं. वाद लवादापुढे गेला की दोन्ही बाजूंच्या हातात लॉगच असतो, म्हणजे बखरच. अस्सल कागद भरावात गेलेला असतो.

फोटोचंही तसंच. फोटो रंग दाखवतो, पण फोटो दाबून त्याची ताकद मोजता येत नाही. त्यातून पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येत नाही, त्याची घनता काढता येत नाही. पुढच्या पिढीकडे कोणतं उपकरण येईल आणि ती दगडाला कोणता प्रश्न विचारेल, हे आज आपल्याला ठाऊक नाही. दगड जपायचा तो या अज्ञात प्रश्नासाठी.

हे कल्पनेने बोलत नाही. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट महाराष्ट्र विसरलेला नाही. गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला, सुमारे दहा हजार माणसं गेली. जिथे मोठा भूकंप होणार नाही असा भरवसा होता, त्याच भूमीत तो झाला. त्यानंतर किल्लारीत ६१७ मीटर खोल बोअर घेतला गेला. त्यातून कळलं की तिथे काळ्या पाषाणाचा थर ३३८ मीटर जाडीचा आहे, त्याखाली जेमतेम ८ मीटर जुना गाळाचा खडक आणि मग थेट पायाचा प्राचीन खडक. हा झाला पहिला लॉग. पण गोष्ट तिथे थांबली नाही, कारण कोअर जपला गेला होता. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याच पायाच्या खडकाची घनता मोजली, त्यातून ध्वनिलहरी किती वेगाने जातात ते मोजलं, खनिजं तपासली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामाचा निष्कर्ष असा की हा साधा ग्रॅनाइटसदृश खडक नव्हे. तो भूकवचाच्या बऱ्याच खोल भागात घडलेला, जड खडक आहे, आणि वरचं आवरण झिजून गेल्यामुळे तो एवढा वर आलेला आहे. किल्लारीच्या भूकंपाकडे पाहायची दिशाच त्यातून बदलली. नवा बोअर घ्यावा लागला नाही. भूकंपानंतर सोळा वर्षांनी जुन्या दगडाला नवा प्रश्न विचारला गेला आणि दगड उत्तर द्यायला जागेवर होता.

दुसरं उदाहरण सातासमुद्रापलीकडचं, पण त्याचा धागा थेट आपल्या पायाखाली येतो. मेक्सिकोच्या युकातान भागात पेमेक्स या सरकारी तेल कंपनीने १९५०च्या दशकात तेलासाठी खोल विहिरी खोदल्या. तेल लागलं नाही. खाली लागलेल्या खडकाची नोंद अँडेसाइट, म्हणजे ज्वालामुखीचा खडक, अशी झाली आणि विषय मिटला. १९८०च्या सुमारास, डायनासोर नष्ट झाले त्या काळी पृथ्वीवर प्रचंड अशनी आदळला असावा, असा विचार पुढे आला, पण विवर सापडत नव्हतं. १९९०च्या आसपास त्या जुन्या विहिरींचे काही नमुने शोधून काढले गेले. ते तपासल्यावर त्यात प्रचंड आघातानेच घडू शकतात असे चरे पडलेले क्वार्ट्झचे कण निघाले. ज्वालामुखीचा म्हणून नोंदलेला खडक आघाताने वितळलेला खडक होता. चिक्शुलूब विवराचा पुरावा त्या थोडक्या तुकड्यांत चाळीसेक वर्षं पडून होता. लॉग लिहिणारा चुकला असं मी म्हणणार नाही. त्याच्या काळात तो प्रश्नच कोणी विचारलेला नव्हता.

आता धागा. डायनासोरांच्या अंताच्या खटल्यात दुसरा आरोपी कोण? दख्खनचे लाव्हाप्रवाह. अशनीने ते गेले की ज्वालामुखीतून बाहेर पडलेल्या वायूंनी, की दोघांनी मिळून, हा वाद आजही चालू आहे. त्यातला निर्णायक प्रश्न आहे तारखांचा: कोणता प्रवाह नेमका केव्हा वाहिला, दोन प्रवाहांमध्ये किती काळ गेला. त्याचं उत्तर ज्या पाषाणात आहे, त्याच पाषाणात माजिवडा, कोलशेत, मानपाडा, कल्याण उभं आहे. आपण मेट्रोच्या खांबासाठी जो दगड काढतो आणि टाकून देतो, त्यातले काही तुकडे या प्रश्नाच्या साक्षीदारांपैकी आहेत. सगळे नव्हेत. पण कुठले आहेत ते ठरवायला आधी ते उरायला तरी हवेत.

विज्ञानाचं राहू द्या, साध्या व्यवहाराकडे येऊ. भिवंडीजवळच्या गुंदवलीपासून कापूरबावडीमार्गे भांडुप संकुलापर्यंत मुंबई महापालिकेचा सुमारे १५ किलोमीटर लांबीचा जलबोगदा आहे, जमिनीखाली शंभरेक मीटरवर. मुंबईच्या पाण्याचा मोठा हिस्सा त्यातून जातो. ठाण्यात एका ठिकाणी कूपनलिका खोदताना या बोगद्यालाच भोक पडलं. दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३पासून मुंबईला १५ टक्के पाणीकपात सोसावी लागली, ऐन उन्हाळ्यात. हा अपघात कोअर हरवल्यामुळे झाला, असा दावा मी करत नाही. तो झाला कारण जमिनीखाली काय आहे हे सांगणारी आणि खोदणाऱ्याला आधी पाहावीच लागेल अशी एक सामायिक नोंद नव्हती. महाराष्ट्रात २००९चा भूजल अधिनियम आहे, विहिरी खोदणाऱ्या रिगमालकांनी नोंदणी करावी अशी तरतूद त्यात आहे. जमिनीखालचा कारभार सार्वजनिक आहे, हे तत्त्व आपण कायद्यात मान्य केलेलं आहे. कोअर सांभाळणं ही त्याच तत्त्वाची पुढची पायरी.

ठाण्याखालची गर्दी आता वाढतच जाणार. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याची पायाभरणी जुलै २०२४ मध्ये झाली. जवळपास १२ किलोमीटरचा मार्ग, त्यातला बहुतांश बोगदा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून. त्या जंगलात रिग नेणं सोपं नाही, म्हणून तिथला प्रत्येक बोअर लाखमोलाचा. बुलेट ट्रेनचा बीकेसी ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली ठाण्याची रिंग मेट्रो २९ किलोमीटरची, २२ स्थानकांची, त्यातले सुमारे ३ किलोमीटर भुयारी. मेट्रो ४ आणि मेट्रो ५ आहेतच. एमएमआरडीए, महामेट्रो, हायस्पीड रेल कॉर्पोरेशन, महापालिका, प्रत्येक जण आपापल्या कामासाठी बोअर घेतो. घोडबंदर रस्त्यालगत एकाने खोदलेल्या भोकापासून शंभर पावलांवर दुसरा काही वर्षांनी नवं भोक पाडतो. पहिल्याचा दगड आणि नोंद दुसऱ्याला मिळाली, तर दुसऱ्याने कुठे आणि किती खोदायचं हे तो शहाणपणाने ठरवेल. आपण तीच किंमत पुन्हा पुन्हा मोजतो, आणि ती करदात्याच्या खिशातून जाते.

ज्यांनी हा प्रश्न सोडवला त्यांच्याकडे पाहू. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात अथाबास्का नदीच्या खोऱ्यात तेलवाळू आहे, डांबरासारख्या दाट बिट्यूमेनने माखलेली वाळू. खोल थरांमध्ये वाफ सोडून ते बिट्यूमेन पातळ करतात आणि उपसतात. त्या वाळूत बोटभर जाडीचा चिकणमातीचा थर असला तरी तो वाफेला अडवतो. तो थर बोअरमध्ये उतरवलेल्या उपकरणांना नेहमी नीट दिसत नाही, कोअरमध्ये डोळ्यांना दिसतो. म्हणून तिथे कोअरला सोन्याचं मोल. तेलवाळूचा कोअर तसाच ठेवला तर आतला वायू फुगून तो विस्कटतो, म्हणून तो नळीतच गोठवून नेतात आणि गोठलेला असतानाच उभा चिरतात. आणि मुख्य गोष्ट ही की कंपनीने स्वतःच्या पैशाने काढलेला कोअरही तिला नियामकाकडे सोपवावा लागतो. कॅलगरीत त्यासाठी खास केंद्र आहे. गोपनीयतेची मुदत संपली की शुल्क भरून प्रतिस्पर्धी कंपनी, विद्यापीठाचा विद्यार्थी, कोणीही ते बॉक्स उघडून पाहू शकतो. तिथल्या समाजाने ठरवलं आहे की भोक कंपनीचं, पण जमिनीची ओळख सर्वांची.

ब्रिटनमध्ये १९२६च्या खाण कायद्याने खनिज शोधताना शंभर फुटांहून खोल बोअर घेणाऱ्याला त्याची माहिती सरकारी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला देणं बंधनकारक झालं. हाँगकाँग तर ठाण्याचं भावंडच शोभेल. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, मध्ये दाटीवाटीच्या इमारती. १९७२ आणि १९७६च्या दरडींत माणसं गेल्यावर तिथल्या सरकारने १९७७ मध्ये भूतांत्रिक कार्यालय उभं केलं. जमिनीच्या तपासणीचे अहवाल तिथे एकत्र ठेवले जातात आणि लोकांना पाहता येतात. मुंब्र्याच्या डोंगराखाली, येऊरच्या पायथ्याला पावसाळ्याची प्रत्येक रात्र मोजणाऱ्या वस्त्या असलेल्या शहराने यातून शिकायला हरकत नाही.

आपल्याकडेही चांगली उदाहरणं आहेत, आणि पहिलं महाराष्ट्रातलंच. ११ डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपाचं मूळ शोधण्यासाठी केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कोयना परिसरात नऊ खोल बोअर घेतले, पुढे गोठणे इथे तीन किलोमीटरचा पथदर्शी बोअर घेतला. त्या भागात काळ्या पाषाणाखाली थेट ग्रॅनाइटी खडक आहे, मध्ये गाळाचा थर नाही, हे त्या कोअरनी दाखवलं. त्या कामासाठी कराडजवळ खास प्रयोगशाळा उभी राहिली. दुसरं उदाहरण समुद्रातलं. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय मोहिमेचं जहाज अरबी समुद्रात, आपल्या किनाऱ्यापासून पश्चिमेला, लक्ष्मी खोऱ्यात खोदत होतं. गोव्यातल्या एका संस्थेतले भारतीय शास्त्रज्ञ त्या मोहिमेच्या नेतृत्वात होते. ते कोअर जपानमधल्या कोची शहरातल्या भांडारात आहेत. तिथली पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्रत्येक कोअर उभा चिरून दोन भाग करतात. एक अर्धा अभ्यासासाठी, त्यातून नमुने काढता येतात. दुसरा अर्धा जपण्यासाठी, त्याला शक्यतो हात लावायचा नाही. मोहिमेतल्या शास्त्रज्ञांना सुमारे वर्षभर पहिला हक्क, मग जगातल्या कोणाही अभ्यासकाने अर्ज करावा. तेलाच्या बाबतीत केंद्र सरकारनेही २०१७ मध्ये नॅशनल डेटा रिपॉझिटरी सुरू केली. म्हणजे समुद्राखालच्या आणि भूकंपक्षेत्रातल्या जमिनीची किंमत आपल्याला कळते. ज्या जमिनीवर आपण झोपतो, तिचीच तेवढी कळायची राहिली आहे.

आता आक्षेप. सर्वांत मोठा जागेचा, आणि ठाण्यात तो रास्त आहे. तेव्हा हिशोबच मांडू. समजा, सरासरी ३० मीटरचे एक हजार बोअर जपायचे आहेत. एका बॉक्समध्ये पाच मीटर कोअर मावतो, म्हणजे सहा हजार बॉक्स. एक बॉक्स साधारण मीटरभर लांब, चाळीस सेंटिमीटर रुंद. भक्कम रॅकवर पंधरा थरांत ठेवले तर चारशे रॅकजागा, म्हणजे जेमतेम १६० चौरस मीटर. माणसांना फिरायला आणि बॉक्स उतरवून पाहायला तिप्पट जागा धरली, तरी पाचशे चौरस मीटरच्या आसपास. भिवंडीच्या गोदामपट्ट्यात एवढी जागा म्हणजे एका मोठ्या शेडचा कोपरा. पाच मीटर बेसॉल्ट कोअरचं वजन तेहतीस किलोच्या घरात जातं, तेव्हा जमीन आणि रॅक मजबूत हवेत, पण त्यात न सुटणारं काही नाही. हजारो कोटींच्या प्रकल्पांना हा खर्च सोसत नाही, असं कोणी म्हणू नये.

दुसरा आक्षेप, सगळंच कशाला ठेवायचं? सगळं ठेवायचं नाहीच. राजवाड्यांनीही प्रत्येक चिठ्ठी छापली नाही. बोगद्यांच्या, धरणांच्या आणि इतर खोल बोअरचे कोअर कायम ठेवावेत. खांबांच्या पायासाठी घेतलेल्या उथळ बोअरमधून प्रत्येक प्रवाहाचा आणि प्रत्येक तांबड्या थराचा प्रातिनिधिक तुकडा ठेवावा, उरलेल्याचे ओले आणि कोरडे असे दोन्ही फोटो घ्यावेत आणि मगच तो काढावा. पण काढायचा निर्णय शेडमधली जागा संपली म्हणून होऊ नये. तो जाणकारांच्या समितीने, नोंद करून, आगाऊ सूचना देऊन घ्यावा. पवईच्या आयआयटीचा भूविज्ञान विभाग, सेंट झेवियर्सचा भूशास्त्र विभाग, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्यातून अशी समिती सहज उभी राहील.

तिसरा आक्षेप, काही कोअर टिकतच नाहीत. खरं आहे. राखेचे थर आणि तांबडी माती उघड्यावर आठवड्याभरात भुगा होतात. त्यांना लगेच प्लास्टिकच्या पातळ आवरणात गुंडाळून मेणाचा लेप द्यावा लागतो. हे काम बोअर चालू असतानाच करायचं असतं, वर्षभराने नाही. म्हणून जतनाचा नियम बोअरच्या निविदेत हवा, नंतरच्या परिपत्रकात नको. कोअरच्या सूचीची आणि साठवणीची भारतीय मानक संहिता, आयएस ४०७८, अनेक दशकांपासून आहे. बॉक्स कसा, नोंद कशी, हे सांगायला नवी समिती नेमायची गरज नाही.

चौथा आक्षेप खासगी बिल्डरांचा. त्यांचे अहवाल त्यांची मालमत्ता, ते का द्यावेत? इमारतीच्या परवानगीसाठी जमिनीची तपासणी सुरक्षेसाठी करावी लागते, आणि शेजारच्या भूखंडाची सुरक्षा त्याच जमिनीवर अवलंबून असते. दोन-तीन वर्षांच्या गोपनीयतेनंतर किमान लॉग सार्वजनिक करायला हवा. सुरुवात मात्र सरकारी यंत्रणांनी स्वतःपासून करावी, तरच त्यांना दुसऱ्याकडे मागता येईल.

ठाण्याला खोदकामातून निघालेल्या वस्तूचं मोल एकदा कळलेलं आहे. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात, जिथे आज कारागृह आहे, नव्या बांधकामाचा पाया खोदताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला, शके ९३९चा, म्हणजे इसवी सन १०१७चा. तो तांबटाच्या भट्टीत गेला नाही. कोणीतरी तो वाचून घेतला आणि कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात तो छापून आला. त्यामुळे हजार वर्षांपूर्वी इथे कोण राज्य करत होतं, हे आज आपण ठामपणे सांगतो. ताम्रपटावर अक्षरं असतात, म्हणून तो फेकताना कोणाचाही हात अडखळेल. कोअरवरची अक्षरं पाणी ओतल्याशिवाय दिसत नाहीत. त्याच्यासाठी हात अडवणारा नियमच लागतो.

तो नियम लांबलचक नको. रिंग मेट्रोसह ठाण्यातल्या प्रत्येक पुढच्या कामाच्या निविदेत एवढं एक कलम घालावं: ‘या कामासाठी काढलेला सर्व कोअर सार्वजनिक मालमत्ता आहे. प्रत्येक बॉक्सवर बोअर क्रमांक, अक्षांश-रेखांश, जमिनीची पातळी आणि खोली न पुसणाऱ्या अक्षरांत लिहावी. नाजूक थर त्याच दिवशी मेणबंद करावेत. काम संपल्यापासून तीन महिन्यांत कोअर भांडाराकडे सोपवावा, आणि भांडाराची पावती जोडल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही.’ शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. मी साइटवर जी वर्षं घालवली त्यात एक गोष्ट पक्की शिकलो: जे काम बिलाला जोडलेलं असतं, ते होतं. उद्या कापूरबावडीच्या पत्र्याआडचा ड्रिलर बॉक्सवर मगभर पाणी ओतेल, तेव्हा तो दगड वाचणारा शेवटचा माणूस समोरचा साहेब नसावा.